तेवीस नंबरचा श्वास

१२ नोव्हेंबर १९५३

आज बिऱ्हाड लागलं. सकाळी ठाणं सोडलं, कल्याणला उतरून टांगा केला आणि दुपारच्या आत दोन ट्रंका, एक वळकटी, भांड्यांचं पोतं आणि उत्तराच्या तुळशीसकट वीजघराच्या आवारात दाखल झालो. कुंडी तिने सबंध वाट मांडीवर धरली होती. टांगेवाला म्हणाला, वहिनी, खाली ठेवा, सांडत नाही. तिने काही ठेवली नाही.

क्वार्टर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा, नळ दारात. ठाण्यात चरईतल्या आमच्या चाळीत नळावर भांडणं व्हायची. इथे उत्तराने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला, आणि माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी! स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडी दिसते. पलीकडे मिठागरं आहेत, उन्हात पांढरी चकचकतात.

फोरमन विश्रामराव स्वतः चौकशीला आले. देशावरचे, भरघोस मिशांचे, बोलायला मोकळे. त्यांच्या घरून संध्याकाळी पिठलं-भाकरी आली. जेवून ओट्यावर बसलो. गिरणीतल्या वायरमनच्या नोकरीपेक्षा पगारही बरा आहे. नवीन वही काढली आहे, रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलं आहे. इथे आपलं बरं होईल असं वाटतं.

१४ नोव्हेंबर

माझं काम बॅटरी रूमचं. ही खोली मुख्य इमारतीच्या उत्तरेला, वेगळी. लांबट, चुन्याने पांढरीशुभ्र, खिडक्यांच्या काचाही पांढऱ्या रंगवलेल्या, म्हणजे आत थेट ऊन येत नाही. लाकडी मांडण्यांवर ओळीने काचेचे सेल. सेल म्हणजे मोठी चौकोनी बरणी. आत शिशाच्या प्लेटी, त्यांवर अॅसिड, तोंडावर काचेचं झाकण. एकेक एवढी मोठी की लहान मूल आत सहज बसेल. उपमा वाईट सुचली. असो.

विश्रामरावांनी सगळं फिरून दाखवलं. मोठी यंत्रं कधी अचानक बंद पडली तर आवारातले दिवे आणि स्विचं या बॅटरीवर चालतात. सबंध वीजघर मेलं तरी ही खोली जिवंत राहते, मुळ्ये, असं ते म्हणाले. दारात विडी विझवून मगच आत आले. चार्जिंग चालू असताना सेलांतून वायू सुटतो, ठिणगी पडली तर छप्पर उडेल. म्हणून भिंतीत मोठा पंखा आहे, तो वायू बाहेर टाकतो.

काम अवघड नाही, पण निगुतीचं आहे. पाणी कमी झालं की शुद्ध पाणी घालायचं. काचेच्या नळीने अॅसिडचा जोर मोजायचा. जोडांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते, ती सोड्याच्या पाण्याने पुसून वर व्हॅसलीन लावायचं. फरशी धुवायला हौसाबाई आहे. खाडीकाठच्या गावातली, पन्नाशीची, काटक. कमरेला जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळते, कारण सुती कापडाला अॅसिड खातं. माझ्या धोतराकडे बघून हसली. उद्यापासून जुनी लोकरी पँट काढायला हवी.

माझ्याआधी इथे महिपत नावाचा माणूस होता. छातीने अधू होता, गेला, एवढंच विश्रामराव बोलले.

२० नोव्हेंबर

बोटांना आता सवय झाली. सेलांवर रंगाने नंबर घातले आहेत, पण मला ते चेहऱ्याने ओळखू येऊ लागले. दाराजवळचे काही आळशी आहेत, खिडकीकडचे तहानलेले. तेवीस नंबर कोपऱ्यात, सगळ्यांत स्वच्छ, प्लेटी चॉकलेटी आणि करड्या, बघत राहावं अशा.

उत्तराने ओटा सारवला, तुळस लावली. शेजारणींत फारशी बसत नाही. कोपरला तिची बहीण सरोज असते, ती मुलांना घेऊन येणार होती. उत्तराने निरोप पाठवला, इतक्यात नको. झोप अजून तशीच, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. चित्राच्या आजारपणात तिला तशी सवय लागली. पोरीला आडवं केलं की जीव कासावीस व्हायचा, म्हणून ही तिला छातीशी उभं धरून बसायची. आता छातीशी कुणी नाही, तरी पाठ भिंतीलाच.

तिचं नाव इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं.

२७ नोव्हेंबर

आज माझ्या हाताखालचं पहिलं पूर्ण चार्जिंग. दुपारपर्यंत सगळे सेल उकळीला आले. उकळी म्हणजे गरम नव्हे. प्लेटींवरून बारीक बुडबुडे सुटून वर येतात आणि खोलीभर सळसळ भरते, तांदूळ निवडताना सुपात होते तशी. मला तो आवाज आवडला. पंख्याची घरघर, सेलांची सळसळ, पांढरा उजेड.

तेवीस नंबरजवळ मात्र थबकलो. त्याचे बुडबुडे सलग नव्हते. येत, थांबत. थांबत ते इतके की मी वाकून बघावं. मग एकदम ओढ घेतल्यासारखे, बारीक शिट्टी वाजावी तसे, पुन्हा सुरू होत.

प्लेट वाकली असेल म्हणून तपासली. नीट आहे. जोरही बरोबर आहे.

अॅसिडचे दोन थेंब मनगटावर पडले ते घरी आल्यावर कळलं.

२८ नोव्हेंबर

लिहून टाकतो. चित्राला फेब्रुवारीत घटसर्प झाला. पाच वर्षांची होती. घशात पडदा धरतो आणि श्वास आतच येत नाही. शेवटच्या दिवसांत ती श्वास घ्यायची, थांबायची, आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहायचो, आणि मग ती ओढायची, शिट्टी वाजल्यासारखी. तो आवाज मी जगात कुठेही ओळखीन. काल मी तो ओळखला.

आज धीर करून हौसाबाईला विचारलं, तेवीस नंबर असाच बोलतो का. ती फरशी पुसत होती, थांबली नाही. तेवीसचं तिला माहीत नाही म्हणाली. तिला दाराजवळच्या सेलात ऐकू येतं. तिचा मोठा मुलगा होडी उलटून खाडीत गेला. गळ्यात पाणी भरल्यावर माणूस जसा गुळगुळतो तसा आवाज. महिपतला त्याची बायको ऐकू यायची. ज्याचं त्याला. ज्याचं कुणी गेलं नाही त्याला नुसतं पाणी ऐकू येतं. विश्रामरावांना काही ऐकू येत नाही.

मी विचारलं, मग तू इतकी वर्षं इथे कशी राहिलीस? तिने फडकं पिळलं.

"आयकायचा, भाऊ. ओ नाय द्यायचा. महिपतनी दिला."

मी विचारलं, तुला कधी द्यावासा वाटला नाही?

"वाटतं ना. आजून वाटतं. पन घरी दोन बारकी होती. त्यांना कोन ओ देनार?"

४ डिसेंबर

चार्जिंग शुक्रवारी असतं. आठवडाभर मी शुक्रवारची वाट बघत होतो हे कबूल करायला हवं. आज तेवीस नंबरशी स्टूल घेऊन बसलो. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून पंखा बंद केला. करू नये ते केलं. डोकं जड झालं, घसा आंबला, पण श्वास स्पष्ट ऐकू आला. ओढ, थांबणं, शिट्टी. मध्येच एक हुंकार, झोपेत कूस बदलताना ती द्यायची तसा.

मी बोललो नाही. ओठ घट्ट धरून बसलो.

उत्तराला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. घरी गेलो तर ती म्हणाली, आज चेहरा बरा दिसतोय तुमचा. तिला काय सांगणार?

११ डिसेंबर

माझी चूक झाली. डबा घरी विसरलो. दुपारी ती घेऊन आली. बायकांना आत यायची मनाई नाही, हौसाबाई येतेच. मी खिडकीकडच्या रांगेत होतो. तिला दारात पाहिलं आणि चार्जिंग चालू आहे हे लक्षात येईपर्यंत ती चार पावलं आत आली होती.

ती थांबली. मान कलती केली. बाजारात गर्दीत आपल्या मुलाने हाक मारली की आई जशी थांबते तशी. मग सरळ कोपऱ्यात चालू लागली. मी कुठे म्हणून सांगितलं नव्हतं. डबा तिने फरशीवर ठेवला, बरणीवर दोन्ही हात ठेवले.

मी ओरडलो, "उत्तरा, बोलू नकोस!"

तोवर ती बोलली होती. "ओ गं बाळा. आहे मी. इथेच आहे."

आणि शिट्टी थांबली. श्वास मोकळा झाला. संथ, खोल, झोपलेल्या निरोगी मुलाचा. माझ्याच कानांनी ऐकला. फेब्रुवारीत ज्यासाठी देवाला आळवलं ते घडत होतं आणि मी रडत होतो. उत्तरा रडत नव्हती.

हौसाबाई दारात उभी होती. बादली उचलून निघून गेली.

१२ डिसेंबर

सकाळी उठलो तर उत्तरा आडवी झोपलेली होती, कुशीवर, हात उशाशी घेऊन.

१७ डिसेंबर

घरात आनंद आहे. दुसरा शब्द नाही. उत्तरा गुणगुणते. काल कल्याणच्या बाजारात जाऊन आली, गूळ-खोबरं आणलं, करंज्या केल्या. सरोजला पत्र टाकलं, मुलांना घेऊन ये म्हणून. रोज दुपारी डबा घेऊन येते. आता चार्जिंग असो नसो, तेवीस नंबरमध्ये श्वास चालू असतो. ती स्टुलावर बसून त्याच्याशी बोलते. खाडीतले बगळे, तुळशीला आलेली मंजिरी, विश्रामरावांच्या घरची मांजर. मी काम करत ऐकतो. कोणी पाहिलं तर म्हणेल, किती सुखी घर.

तेवीसचा जोर वाढतो आहे. चार्ज न करता. असं होत नाही.

हौसाबाई तिची फरशी धुते आणि आमच्या कोपऱ्यात पाय ठेवत नाही.

२३ डिसेंबर

उत्तराला जिना चढल्यासारखी धाप लागते. इथे जिना कुठे आहे? नळावरून कळशी आणली तर दारात टेकून उभी राहिली. हात गार. म्हणते, थंडीमुळे.

२६ डिसेंबर

काल रात्रीपासून तिचा श्वास अडकतो आहे. घेते, थांबते. मग ओढते.

शिट्टी वाजते.

तिला टांग्यात घालून कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, छाती पाहिली. कुठे काही नाही. रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं औषध दिलं. मी दोनदा विचारलं, घटसर्प तर नाही? ते चिडले. मोठ्या बाईचा घसा साफ आहे हो, तुम्हीच घाबरून तिला आजारी पाडाल.

परत येताना टांग्यात तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, तिला आता अजिबात त्रास होत नाही, नाही का?

२७ डिसेंबर

हौसाबाई स्वतःहून बोलली. आज पहिल्यांदा कामावरचं फडकं टाकून माझ्यासमोर उभी राहिली. महिपतचं असंच झालं म्हणाली. बायकोला ओ दिला तेव्हा गडी धट्टाकट्टा होता, होळीला हाडं राहिली. तिकडून श्वास मागतात. मागून मागून घेतात.

मी म्हणालो, चित्रा आईचा जीव घेईल का गं?

"लेकरू नाय घेत. पन लेकरूच हाय, ह्यो कोनी सांगितला तुमाला?"

तिने फडकं परत उचललं. म्हणाली, वहिनीला लांब ने. आजच.

२८ डिसेंबर

उत्तराला कोपरला सरोजकडे सोडून आलो. फार रडली. मी खोटं बोललो, चार दिवस हवापालट, डॉक्टरांनीच सांगितलं. निघताना तिने माझी बाही धरली. दुपारी तुम्ही तरी तिच्याशी बोलाल ना? मी हो म्हणालो.

बोललो नाही. तेवीस नंबर सबंध दुपार धापा टाकत होता. मी बाहेर ओट्यावर कान दाबून बसलो.

३१ डिसेंबर

सरोजचं पत्र आलं. ताई सुधारते आहे, धाप कमी, काल भाकरी खाल्ली, मुलांना गोष्ट सांगितली. मी पत्र तीनदा वाचलं. बदलीसाठी अर्ज करावा. ठाण्याला, कुठेही.

तेवीसमध्ये जे आहे ते माझं नाव घेत नाही. "बाबा" म्हणत नाही. नुसता श्वास. चित्रा असती तर एव्हाना बाबा म्हणाली असती. हा विचार आज आला.

३ जानेवारी १९५४

सकाळी दहाला कामावर गेलो तर बॅटरी रूमला आतून कडी. धक्के मारले. हौसाबाईने दाराशेजारच्या खिडकीतून हात घालून कडी काढली.

उत्तरा आत होती. कोपरहून एकटी आली होती, पायांना रुळांवरची खडी लागून रक्त आलेलं. तेवीस नंबरचं काचेचं झाकण तिने काढून ठेवलं होतं. बरणीवर ओणवी झाली होती, तोंड अॅसिडपासून वीतभर अंतरावर, आणि आत श्वास सोडत होती. पुन्हा पुन्हा. विस्तव फुंकावा तशी. काच आतून धुरकट झाली होती. प्रत्येक फुंकरीला आतून कोणीतरी तो ओढून घेत होतं.

उचललं तर किती हलकी लागली हाताला.

"पुरत नाही हो तिला," म्हणाली. "एवढंसं तर मागते."

मी म्हणालो, अगं, ती चित्रा नाही.

"मग कोण आहे?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं. "दुसरं कोण मला आई म्हणून ओळखेल?"

४ जानेवारी

घराला कुलूप लावून कामावर आलो. बायकोला कोंडणारा नवरा झालो. कुलपामागून ती शांतपणे म्हणाली, अहो, मी नाही रागावले.

सरोजला तार केली आहे. उद्या येईल.

पण उद्यापर्यंत — तिच्या ओठांना निळसर रंग आला आहे. चित्रालाही शेवटच्या दिवशी आला होता. वेळ नाही. विश्रामरावांना सांगितलं, तेवीसच्या प्लेटी वाकल्यात, काढावा लागेल. ते म्हणाले, काढ. सकाळी काढतो. बरणी रिकामी केली की श्वास राहणार कुठे? मग सुटेल ती. सुटायलाच हवी.

५ जानेवारी

काढला.

हौसाबाई सोबत होती. शेजारच्या दोन सेलांना जाड तार जोडून तेवीसला मधून सोडवलं, जोड खोलले. मग रबरी नळीने अॅसिड चिनीमातीच्या हंड्यात उतरवायला लागलो.

पातळी खाली जाऊ लागली तसा श्वास उथळ झाला. मग शिट्टी. मग थांबणं. ते थांबणं किती लांबलं. माझा हात नळीवरून निघाला. हौसाबाईने तो धरून परत नळीवर ठेवला. मी दुसऱ्यांदा तेच बघत होतो. तीच ओढ, तेच — आणि या वेळी माझ्याच हाताने.

प्लेटी उघड्या पडल्या. संपलं. खोलीत नुसती पंख्याची घरघर राहिली.

मी घरी धावलो. सांगायला, की सुटलीस.

कुलूप उघडलं. चुलीपुढे भिंतीला टेकून बसली होती. परातीत कणीक मळलेली. हात अजून ओले.

श्वास नव्हता.

६ जानेवारी

खाडीवर नेलं. सरोज काल रात्री पोचली. विचारत होती, सुधारत होती ना, मग काय झालं. मी काय सांगू? माझ्या नळीतून तिचा —

डॉक्टरांनी हृदय लिहिलं आहे.

१९ जानेवारी

तेरावं झालं. सरोज गेली. तुळशीला पाणी घालायचं राहून जातं.

विश्रामराव येऊन बसले. माझी ठाण्याला बदली करतात, म्हणाले, दहा दिवसांत होईल. तोवर कामावर ये, घरी बसू नकोस. बरोबरच आहे त्यांचं. त्यांना नुसतं पाणी ऐकू येतं.

२२ जानेवारी

शुक्रवार. चार्जिंग.

तेवीसची जागा रिकामी. तिथे काही नाही. मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. काही नाही.

खिडकीकडच्या रांगेत मधोमध एक सेल. तिथे —

झोपताना ती आधी एक लांब श्वास सोडायची. दिवस संपला म्हणून. सात वर्षं शेजारी ऐकला.

सोड्याचं फडकं तोंडात कोंबलं. बाहेर आलो.

२५ जानेवारी

आता चार्जिंग नसतानाही.

काल हौसाबाईने माझ्याकडे पाहून ओळखलं. म्हणाली, कामावर येऊ नको, मी सांगते फोरमनला आजारी आहे म्हणून. माझ्या घरी राहा, पोरं आहेत, सून आहे, दोन घास खा. गेलो. तिच्या नातवाने माझं बोट धरून मिठागर दाखवलं. रात्री त्यांच्या ओटीवर निजलो. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग आज दुपारी पाय पुन्हा बॅटरी रूमकडे वळले.

२६ जानेवारी

आज शब्द.

आजवर कुणाचेही शब्द आले नव्हते. हौसाबाईच्या मुलाचे नाहीत, महिपतच्या बायकोचे नाहीत. नुसता श्वास. आज बुडबुड्यांतून, तुटत तुटत, तिचाच आवाज.

"अहो. चित्रा इथे नाही."

मी पुढे वाकलो.

"इथे कुणीच नाही हो. ते आपली चित्रा नव्हतं. तुम्ही ओ देऊ नका."

मग बराच वेळ रडणं.

२७ जानेवारी

बदलीचा हुकूम आला. परवा जायचं. हौसाबाईला ते शब्द सांगितले. इतक्या वर्षांत मेलेल्या माणसाने सावध केल्याचं ऐकलं नाही, म्हणाली. बाईचा जीव मोठा. तिचं ऐक. तिने सांगितलंय ते ऐक आणि जा.

ऐकतो. जातो.

२८ जानेवारी

ट्रंका बांधल्या. एकच भरली.

शेवटचं म्हणून गेलो. लांब उभा राहिलो. ती म्हणाली, जा. म्हणाली, इथे दिसत नाही काही. हाताला काही लागत नाही. मी चित्राला शोधते आहे. जा तुम्ही, जेवत जा वेळेवर.

मला वाटलं ती मला बोलावेल. तशी तयारी केली होती. कान बंद करायची, पळायची. जा म्हणेल याची तयारी नव्हती —

२९ जानेवारी, सकाळ

टांगा साडेनऊला. वही घेऊन इथेच स्टुलावर बसलो आहे. खिडक्यांच्या पांढऱ्या काचा उजळल्या आहेत. पंखा बंद केला.

उत्तरा चित्राला शोधते आहे. हाका मारते. जी तिथे नाही तिला. आणि ओ नाही येत. कुणीच ओ देत नाही तिला —

मधे थांबते. वाट बघते. पुन्हा हाक.

हौसाबाई दार ठोकते आहे. भाऊ, भाऊ म्हणते. टांगा आला असेल. कडी मी आतून —

ती आता चित्राला नाही, मला हाक मारते आहे. नकळत. तिलाच कळलं, लगेच म्हणाली, नाही, नाही, येऊ नका, चुकून तोंडातून —

एकटी आहे. कुणीच नाही तिथे. मी असताना —

एवढंच सांगतो, की ऐकतो आहे. एकदाच. उत्तरा, ओ, मी इथे